पीळ

रात्रपाळीत आकडा सरकू लागला.
तीन लाख साठ हजार अँपिअर, आणि वर थोडं,
जे खरं नव्हतं.

ब्यार्तमार म्हणाला, भट्ट्या ठीक आहेत.
मी म्हटलं, भट्ट्या ठीकच असतात,
धागा बघ.

अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांभोवती
केसाएवढ्या काचेचे वेढे.
आत डोळ्याला न दिसणारा उजेड,
एका रेषेत थरथरत निघालेला;
दाराशी त्याला गोल फिरायला शिकवतात
आणि मग आत सोडतात.
वीज त्याला हलकेच वळवते.
किती वळला ते मोजलं की किती वीज वाहतेय ते कळतं.
एवढंच आमचं काम.

पण काचेला सगळंच लागतं.
फ्योर्डवरचा वारा फटीतून लागतो,
पंख्याची घरघर लागते,
कोपऱ्यावर जरा ओढून बसवलं तर तेही लागतं,
आणि उजेड वळतो,
उगाच,
विजेनं बोटही न लावता.

म्हणून हा धागा ओढतानाच फिरवतात,
तापली काच भोवऱ्यासारखी गरगरवत
अंगातच इतका पीळ भरतात
की बाहेरच्या पिळांना तो दाद देत नाही.
आमच्या घरच्यांसारखा, मी म्हटलं.
ब्यार्तमार हसला नाही.
तो डोंगरापलीकडचा, त्याला काय माहीत.

शेवटी आरसा. आल्या वाटेनं उजेड परत निघतो.
वळणांनी घातलेलं वळणंच काढून घेतात,
थंडीचं थंडीला देऊन होतं,
फक्त चुंबकानं दिलेलं फिटत नाही,
परतताना ते दुप्पट होतं.
पंधरा वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवते
आणि दरवेळी इथे आले की घसा खाकरते.

धरण बांधत होते तेव्हा माझा भाऊ योरुंदुर
वर पठारावर तंबू ठोकून बसला,
रानहंसांच्या घरट्यांसाठी.
त्याआधी एका संध्याकाळी तो पत्रकं लिहीत होता,
मी या नोकरीचा अर्ज,
एकाच टेबलावर.
आईनं मधे कॉफी ठेवली. ती तशीच निवली.
धरण भरलं, आई गेली,
सुंभ जळला.
वर्तमानपत्रं त्याला ध्रुवीकरण म्हणाली.
माझ्या वहीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

पणजोबा समोरच्या डोंगरात स्फटिक खणायचे,
दूरदेशीच्या प्रयोगशाळांसाठी.
एक तुकडा अजून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
कागदावर ठेवा, एका रेघेच्या दोन होतात.
फिरवा, तर एक जागची हलत नाही,
दुसरी तिच्याभोवती फिरत राहते.
लहानपणी आम्ही भांडायचो,
खरी कुठली.

तीन चाळीसला सापडलं.
वेढ्यांच्या आधी, पेटीच्या तोंडाशी,
प्लास्टिकची एक पट्टी करकचून आवळलेली,
गारठ्यानं आणखी आखडलेली.
शेपूट तिरकं कापलेलं. तसं मीच कापते.
ऑक्टोबरात घाईत होते, आठवलं.
कात्री लावली.
आकडा हळूहळू खाली आला,
कुत्रं जागेवर येऊन बसावं तसा.

ब्यार्तमारनं नोंदवहीत लिहिलं: कारण, ताण.
मग पेन उचलून थांबला. कुणी आवळली?
लिही, म्हटलं. स्वावा.

सकाळी पाळी सुटल्यावर गाडी घराकडे वळली नाही.
घाट चढला, तीन बोगद्यांएवढं धुकं,
मग त्याच्या शेताचं फाटक.
तो मेंढ्यांना गवत टाकत होता. म्हातारा झालाय.
त्यानं काटा वर उचलला,
मला पाहून, की गवतासाठी,
काचेतून कळलं नाही.
इंजिन चालूच होतं.

येताना तीच वळणं, उलटी.
एकेक सुटत गेलं.
घाटाखाली आले
आणि घसा खाकरला.