सहा ओळी उरल्यात

शर्ट काढा, म्हणाला नवा डॉक्टर,
आणि खुर्चीवर उलट्या बसा.
बसले. गुडघे दोन्हीकडे, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर.
भिंतीवर पतसंस्थेनं फुकट वाटलेलं कॅलेंडर, एप्रिलची चौदा तारीख.
बाहेर तोगो तळ्याच्या कडेनं नाशपातीचे मांडव
कालपासून पांढरे झालेत.
फूल थांबतं दहा दिवस, जास्तीत जास्त.
माझ्या मानेला कुठं कळतं ते.

बत्तीस वर्षं हात वर करून उभी आहे मी,
कुणाला तरी शरण गेल्यासारखी.
काठीच्या टोकाला पिसांचा गोंडा,
गुलाबी पुडीत कालवलेले पराग,
एका फुलाला टेकवायचा, झालं, पुढचं.
मधमाश्यांचं काम.
त्यांना मान नसते, म्हणून निभतं.

मान मोडून काम करतात म्हणे.
मोडली असती तर एकदाची सुटले असते.
ती मोडत नाही, आकसते,
ओल्या दोरीची गाठ उन्हात वाळून बसावी तशी.

थोरले डॉक्टर कोतानी अंगठ्यानं शोधायचे.
डोळे मिटून, रेडिओवर सुमोच्या कुस्त्या लावून.
"इथं?"
"थोडं खाली."
"इथं?"
मी हं म्हणायच्या आत त्यांना कळायचं,
कारण माझ्या डाव्या पायाचा अंगठा वळायचा.
सुई गेली की खांद्याचं मांस
माशी बसलेल्या घोड्याच्या कातडीसारखं
एकदाच थरारायचं.
"सापडली लबाड," म्हणायचे,
जणू कुणाची मांजर हरवली होती.
शेवटी त्यांचाच अंगठा गेला. संधिवात.
आता ते घरी बसतात
आणि मुलाकडून त्या अंगठ्यात सुई टोचून घेतात.

मुलाकडे पडदा आहे.
थंड जेल लावून यंत्र फिरवतो, दाखवतो:
हा वरचा स्नायू, हा खालचा,
मधली ही पांढरी रेघ चिकटलीय.
पाहिलं मी. माझं दुखणं करडं निघालं.
मला वाटायचं, लाल असेल.
सुई रेघेत शिरली, आत पाणी सुटलं,
आणि दोन थर सावकाश वेगळे झाले,
वाफेवर धरलेल्या पाकिटाचा डिंक सुटावा तसे.
आत काय होतं, दिसलं नाही.
पडदा लहान आहे.

"शून्य ते दहा, किती दुखतं?"
थोरल्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.
शून्य कसं असतं, मला आठवत नाही.
दहा सासूबाईंचं होतं, शेवटच्या महिन्यात,
आणि त्या कुणाला बोलल्या नाहीत.
ऑगस्टमधलं, कागदी पिशवीतलं फळ
हात न लावता मी वजनाला सांगते.
हे कसं सांगू?
म्हणाले, सहा.
त्यानं लिहून घेतलं.
बागेत सहा ओळी उरल्या होत्या
आणि परवा पाऊस सांगितलाय.

"दोन आठवडे बरं वाटेल. नशीब असेल तर तीन.
विश्रांती घ्या."
हो म्हणाले. डॉक्टरला नाही म्हणायची
आमच्यात रीत नाही.

शेजारच्या फुकुएबाई शिडीवरूनच ओरडल्या,
"किती सुया?"
"चार."
"मला सात," जरा तोऱ्यातच.

मग काठी उचलली. हात वर केले.
पहिल्या फुलापाशी थांबले, सवयीनं,
रोज याच वेळेला येणाऱ्या माणसासाठी
दार उघडं ठेवावं तशी.
आलं नाही.
कुणा दुसऱ्या बाईची मान असावी,
इतकी ती मागं गेली.
मांडवाच्या तारांमधून आभाळ,
आणि तारांना जागोजागी
गेल्या वर्षीच्या दोऱ्या,
सोडवायच्या राहिलेल्या.
किती वेळ बघत होते कोण जाणे.
चष्म्यावर गुलाबी पूड पडली
तेव्हा कळलं, गोंडा अजून वरच धरलाय.