कॉट बेसिस

एकेकटी चालवली तर प्रत्येक चाचणी हिरवी.
आठ एकदम सोडल्या की तीन लाल,
पुन्हा सोडल्या की पाच, आणि त्यातही
मघाच्या तिघींतली एकच.
मुलाणी म्हणाला, फ्लेकी आहेत गं, परत लाव रन.
बाणेरच्या चौथ्या मजल्यावर रात्रीचे सव्वादहा,
खाली चहावाला शटर ओढत होता.

मी परत नाही लावला.
लॉग उघडला, वेळेच्या ओळी
एकमेकींशेजारी मांडून वाचत बसले,
भांडणानंतर दोन्हीकडचं ऐकतात तसं.

आठांचं मिळून एकच बिऱ्हाड होतं:
एक डेटाबेस, एक पोर्ट, एक टेम्प फोल्डर,
आणि सगळ्यांच्या कामाला जुंपलेला
एकच गिऱ्हाईक, वसंत चाचणीकर,
कुणीतरी सहा वर्षांपूर्वी गमतीत जन्माला घातलेला.
एक त्याचा पत्ता बदलते,
दुसरी जुनाच पत्ता धरून बसते,
तिसरी आपलं काम संपलं म्हणून
शिस्तीत त्याला पुसून टाकते.
खोटं कुणीच बोलत नाही.

मला कर्वेनगरची खोली आठवली.
चार कॉट, एक गीझर, एक बादली,
पाणी सहा ते सात.
निगार पाणी विसणून ठेवायची, टॉवेल आणायला जायची,
परत यायची तर बादलीत सुकन्याचे मोजे.
सुकन्याला वाटायचं, भरलेली बादली म्हणजे
आपणच मघाशी भरलेली.
दोघी वर्षभर बोलल्या नाहीत.
एकेकटी भेटली असती तर
दोघीही गुणाच्या मुली.

शेवटी देवयानीनं तुळशीबागेतून
आणखी तीन बादल्या आणल्या,
कडेला नेलपॉलिशनं आकडे घातले.
एवढंच. कुणी कुणाला समजावलं नाही.

तर मीही आकडे घातले.
डेटाबेसच्या नावापुढे वर्करचा क्रमांक,
पोर्ट ज्याला जो मोकळा मिळेल तो,
फोल्डर ज्याचा त्यानं मांडायचा, ज्याचा त्यानं आवरायचा.
वसंताला रजा दिली.
आता प्रत्येक चाचणी आपला माणूस
आपणच घडवते, नावाला शेपूट जोडून,
आणि जाताना सोबत घेऊन जाते.

त्रेचाळीस मिनिटांची सात झाली.
क्रम उलटा केला, मग विस्कटून टाकला,
तरी हिरवंच.
मुलाणीनं पडद्याकडे पाहिलं
आणि डबा उघडला. मेथी, थंडगार.

एक मात्र उरली,
वर्षअखेरीची खाती बंद करणारी.
तिला सगळीच खाती लागतात, आणि सगळी स्थिर.
तिच्यापुरती बादली वेगळी काढता येत नाही.
तिला मी शेवटी ठेवलं, एकटीला,
आतून कडी लावून.
तोवर बाकीचे सात बाहेर थांबतील, गुपचूप.

पावणेबाराला लॅपटॉप मिटताना सुचलं,
त्या खोलीत लॉग नव्हता.
असता तर दिसलं असतं,
अगदी पहिल्या दिवशी, सहा वाजून दहा मिनिटांनी,
मोजे पडायच्या कितीतरी आधी,
निगारचं विसणलेलं पाणी
मी वापरलं होतं.