तीन मिनिटं प्रत्येकी

पूल दोन वर्षं बंद, असं पत्र आलं
मार्चमध्ये. नदीवरचा बर्फ अजून फुटायचा होता.
सोळा मैलांचा वळसा. पत्रात त्याला
'किरकोळ गैरसोय' म्हटलं होतं.

माझी बेकरी पश्चिम काठावर.
पीठ येतं पूर्वेकडून, गिऱ्हाईकही निम्मं तिकडचं,
पण तिकडच्या व्यापारी मंडळाशी आमचा अबोला,
एकोणीस वर्षांचा. नाताळची मिरवणूक
कुठल्या काठावरून निघावी, यावरून.
हसू नका. एक ठरलेलं लग्न मोडलंय त्यापायी.

तरी लुसियाँ वेलेट आला, लाँड्रीवाला,
टोपी हातात. म्हणाला, हॉटेलच्या चादरी
सोळा मैल फिरून धुवायला कोण आणणार?
त्याच्यामागून होदान वारसामे, किराणावाली,
जिचं मटण मंगळवारी आणि शुक्रवारी येतं,
आणि व्हर्लन पाइक, गळाला लावायचं आमिष विकणारा,
अडखळतो, म्हणून सहसा बोलतच नाही.

पहिल्या बैठकीत दीड तास गेला
अर्जाच्या माथ्यावर कोणाचं नाव आधी, यात.
इतिवृत्त मी लिहीत होते. लिहिलं: 'चर्चा झाली.'
मग उठले, केकचा नऊ इंची साचा आणला,
कागदावर पालथा घातला, भोवती पेन्सिल फिरवली.
घ्या, करा सह्या कडेकडेनं.
पहिला कोण, ते सरकारनं शोधावं.
डोरकस म्हणाली, साच्याला लोणी लागलंय.
लागलं होतं. तो डाग असेल अजून
कुठल्या तरी फायलीत.

आठवडाभर होदान पुलाच्या तोंडाशी बसली, व्हॅनमध्ये,
मांडीवर दोन बरण्या. इकडून गाडी गेली की
पांढरा घेवडा, तिकडून आली की काळा.
शनिवारी आम्ही बिया मोजल्या.
दोन्ही बरण्यांत फरक निघाला फक्त चौदाचा.
कोणी काही बोललं नाही. लुसियाँनं
एक बी खाली पडलेली उचलून पुसली.

ऑगस्टाला, राजधानीत, शाळेच्या बसनं गेलो.
गुडघे समोरच्या सीटला टेकत होते.
समितीच्या टेबलावर छोटा दिवा:
हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येकी तीन मिनिटं.
नंतर माइक मुका.

आम्ही अकरा जण. भाषण मात्र एकच,
डोरकसच्या दुकानाच्या तळघरात, रंगाच्या डब्यांवर बसून
तुकडे पाडलेलं. ती थांबली
'आणि जर मे महिन्यात' या शब्दांवर. दिवा लाल.
लुसियाँ खुर्चीत बसला, म्हणाला, 'पूल बंद झाला तर',
आणि पुढे चालू लागला.
एक माणूस या काठाचा, एक त्या काठाचा,
आग लागल्यावर बादल्या सरकतात तसं
हातोहात सरकत गेलं ते वाक्य.
सांडलंही थोडं. मी माझा एक आकडा चुकवला.

दहावा व्हर्लन. 'माझ्याकडे दोन माणसं आहेत,' म्हणाला,
आणि पुढच्या शब्दापाशी अडला.
हिरवा. पिवळा. त्याची मान ताठ झालेली.
समितीत कोणी खोकलंसुद्धा नाही.
वेळ संपली, अध्यक्षीणबाई म्हणाल्या, हळूच.
होदान अकरावी. शेवट तिच्याकडे होता,
सगळ्यात चांगला भाग, पाठ करून आणलेला.
ती जागेवरूनच म्हणाली, माझी मिनिटं त्याला.

'पगार,' व्हर्लन म्हणाला.
'दोघांना देतो. थंडीतसुद्धा.'
आणि उठला. दोन मिनिटं उरली होती.

जूनमध्ये उत्तर आलं. एक मार्गिका चालू राहील.
कारण: 'अभियांत्रिकी फेरतपासणी.'
घेवड्याचा उल्लेख नाही.

नोव्हेंबरात मिरवणुकीवरून पुन्हा जुंपली.
दोन्ही मंडळांची इतिवृत्तं आता मीच लिहिते,
दोन्हींत लिहिलं: 'चर्चा झाली.'

पहाटे साडेचारला पाव घेऊन पुलाशी थांबते.
सिग्नल लाल. नदीत कोणी नाही, पुलावर कोणी नाही,
पलीकडे एकच पिकअप निघते, सावकाश येते,
मागे आमिषाच्या बादल्या हिंदकळताना ऐकू येतात.
व्हर्लन एक बोट उचलतो स्टिअरिंगवरून.
मी काच खाली करून त्याच्याकडे पाव फेकते.
मग माझी पाळी.