एकसारखे दोन

जेल रोडवरून सासऱ्यांनी दोन फोन आणले,
एकाच दुपारी, एकाच दुकानातून,
रंगही एकच, शेवाळी.
डब्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरात: थोरली. धाकटी.
"नंतर कुणी म्हणायला नको."
आयुष्यभर त्यांनी बर्फीसुद्धा
पट्टी लावल्यासारखी कापली.

माझा चार वाजता मरायचा.
शलाकाचा रात्री अकराला
उशाशी, अजून तिसावर.

मग सुरू झालं.
वहिनी, तुम्ही व्हिडिओ फार बघता.
उजेड कमी ठेव.
रात्रभर चार्जिंगला लावत असशील.
नवरा म्हणाला, तुझ्या हातात वस्तूच टिकत नाही,
मिक्सर आठव.
मी मिक्सर आठवला.
तो त्यानंच जाळला होता, हळकुंडं घालून.

एका रविवारी मी वही काढली,
मुलाच्या मागच्या इयत्तेतली, उरलेल्या पानांची.
दोन्ही फोन ओट्यावर, शेजारी शेजारी.
उजेड सारखा, वायफाय तेच,
दोन्हीत एकच कीर्तन, आवाज बंद.
बुवा दोन काचांत मुक्यानं टाळ्या वाजवत राहिले.
डाळ शिजली: शहाण्णव, ब्याण्णव.
पानं वाढली: अठ्ठ्याऐंशी, सत्त्याहत्तर.
भांडी झाली: एक्क्याऐंशी, चौसष्ट.
शलाका हात पुसत वहीत डोकावली,
काही बोलली नाही,
पुढचा आकडा तिनंच लिहिला.

सोमवारी जितू भियाकडे, मार्केटच्या जिन्याखाली.
त्यानं फोन उघडलाही नाही.
सेटिंगमध्ये खोल कुठं तरी बोट नेलं.
"भाभी, मॉडल एक, चिप दो कंपनी की.
जिसको जो आ जाए."
मग भिंग कपाळावर सरकवून,
"इसमें आपकी कोई गलती नहीं."
वाटलं, हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावं,
शिक्क्यासकट.

म्हणजे काच तीच, शेवाळी तोच,
आत नखाएवढं काही तरी
दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेलं.
एक बेरीज करतं आणि विसरतं.
दुसरं तीच बेरीज करताना तापतं.
उत्तर दोघांचंही बरोबर.

शलाका म्हणाली, आठवडाभर बदलून बघू.
टाचणीनं सिमकार्डं काढली,
देव्हाऱ्यापुढच्या पाटावर, कारण तिथंच दिवा बरा.

मंगळवारी मोती तबेल्याच्या ऑफिसातून सुटले,
चार वाजून दहा. बासष्ट टक्के.
सिलिंडरवाला: घरी कुणी आहे का?
शिकवणीचा ग्रुप: उद्या वर्कबुक.
नवरा: येताना नंदलालपुऱ्यातून मेथी.
नवरा: मेथी नको, पालक.
नवरा: दोन्ही आण.

कृष्णपुऱ्याच्या पुलावर मी रोज थांबायचे
हे मला त्या दिवशी कळलं,
कारण त्या दिवशी थांबले नाही.
रोज तिथं पर्समध्ये एक काळी काच असायची
आणि मी कुणालाच लागत नसे.
पुलाच्या कठड्याला टेकून
छत्र्यांच्या कळसांवरची कबुतरं मोजायची,
चुकायची, पुन्हा मोजायची.
वीस मिनिटं.
घरी सांगायचं, बंद पडला होता.
ते खरंही असायचं.

गुरुवारी म्हटलं, माझा मला दे.
शलाका कणीक तिंबत होती, तिंबतच राहिली.
"काल पावणेपाचला बंद पडला तुमचा,"
ती म्हणाली, "आणि मी झोपले, वहिनी.
दिवसाउजेडी. दार लावून.
लग्नाला नऊ वर्षं झाली."

मी काहीच म्हटलं नाही.
तिच्या कोपराला लागलेलं पीठ झटकलं.

रात्री जेवताना सासऱ्यांनी विचारलं,
दोन्ही फोन ठीक चाललेत ना?
आम्ही एकदम म्हणालो,
अगदी एकसारखे.
ते समाधानानं ताक प्यायले.

वही आता डब्यांच्या फळीवर, साबुदाण्यामागे.
शेवटच्या पानावर शलाकाचं अक्षर:
पहिला आठवडा तुमचा, दुसरा माझा,
तिसरा तुमचा, चौथा माझा.
महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवस उरतात,
त्यांवरून मात्र
आमचं एकदा कडाक्याचं भांडण होणार आहे.