भाव विचारण्याचा गृहपाठ

बांबोळीच्या डॉक्टर लोलयेकरांनी कागदावर मेंदू काढला,
नारळाच्या अर्ध्या वाटीसारखा,
आणि आत एक टिंब.
"हा अमिग्डाला. बदामाएवढा.
तुझ्याआधी जागा होतो, एवढीच त्याची चूक."

मला बरं वाटलं.
इतकी वर्षं समजत होते, अख्खी मीच घाबरट.
आईही तेच सांगायची पाहुण्यांना, कौतुकानं.

परतताना रायबंदरच्या फेरीबोटीत हेल्मेट काढलं नाही.
कधीच काढत नाही. चोडण येईस्तोवर
काचेआड मी कुणीच नसते.
मे महिन्यात घामानं चष्मा धुकटतो,
तरी नाही.

गृहपाठ असा: पणजीच्या बाजारात
तिघींना मासळीचा भाव विचारायचा
आणि काही न घेता निघायचं.
श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा.
भीती दहापैकी किती, ते वहीत.
भीतीला नाव दिलं की ती जरा बसते, म्हणाल्या.
बसते म्हणजे कुठे, हे विचारायचं राहिलं.

बुधवार. वही: नऊ.
कानशिलं तापलेली,
आणि 'बांगडा' हा शब्द
घशात काट्यासकट आडवा.
बदामा, ऐक, इथे वाघ नाही.
एस्पेरांसा आहे. तिच्या हातात कोयता आहे हे खरं,
पण तो विसवणासाठी.

"बांगडे कशे?"
"शंभराक आठ."
चार. सहा.
"बरं," म्हटलं, आणि वळले.

"घेवपाचें ना जाल्यार मोल कित्याक विचारता गो?"
मोठ्यानं. छपराला लागेल असं.
हेच. नेमकं हेच,
ज्याची बारावीपासून रोज रात्री
मी उशीत तोंड खुपसून तालीम केली.

बाजारानं मान वळवली नाही.
एक म्हातारा लिंबं मोजत होता, मोजत राहिला.
मांजरानं तेवढं पाहिलं,
तेही माझ्या रिकाम्या पिशवीकडे.

मी मागे फिरले आणि आठ बांगडे घेतले.
म्हणजे गृहपाठ चुकला.
जुनी वाट मेंदू बुजवत नाही, म्हणाल्या होत्या,
शेजारून दुसरी पडते, पाय पडतील तशी.
वही: सात.
खोडून साडेसात.

फेरीत आज काच वर केली.
फक्त काच.
दोर सोडणाऱ्या पोरानं नाक उडवलं:
"बांगडे?"
"आठ," म्हटलं.
किती, हे त्यानं विचारलंच नव्हतं.