फुसका बार

डुलुथच्या धक्क्याजवळ, लोरेन पेट्रिचच्या बारमध्ये,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, मी अकरा वर्षांची असताना,
माझा बाप विनोद सांगायला उभा राहिला.
"एइनो कारवोनेन," लोरेन ओरडली, "आज बासशिवाय!"

एरवी तो असायचा डबल बासच्या मागे,
पोल्काच्या रात्री, जवळजवळ अख्खा झाकलेला.
लोकांना दिसायचा एक कान
आणि चार बोटं.
त्या रात्री पुढ्यात काहीच नव्हतं.
हात कुठे ठेवायचे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मी काउंटरमागे पालथ्या क्रेटवर, चिप्सचं मीठ चाटत.
आई इस्पितळाच्या धोबीखान्यात, रात्रपाळीला.
तिला सांगितलं होतं, तालीम आहे.

"माझ्या बासला बसमध्ये वेगळं तिकीट पडतं,
आणि बसायला जागा मिळते, ती त्यालाच."

हशा पिकला नाही.
हसंही झालं नाही म्हणा;
त्यासाठीसुद्धा कुणीतरी हसावं लागतं.
खनिजाच्या बोटीवरून उतरलेली माणसं
सूपमध्ये पाव बुडवत राहिली.

शांतता मोजणं हा तर त्याचा धंदाच.
मी त्याचा बूट पाहत होते: एक, दोन, तीन, चार.
दुसऱ्या मात्रेवर कुणी खोकलं.
चौथीवर फ्रीज थरथरून गप्प झाला.
बापानं माइकचा दांडा धरला
आणि डाव्या हाताची बोटं आपसूक
त्या गार नळीवर सूर शोधू लागली.

दुसरा विनोद सासूवर. तिसरा सौनावर;
तो अर्ध्यात असताना लोरेनच्या हातून ग्लास फुटला.
टाळ्या पडल्या त्या तेव्हा.

परतताना बर्फ. व्हॅनचा हीटर बिघडलेला.
मागे बास आडवा, त्याच्या कुशीला मी, डोळे मिटून.
जहाज जाईपर्यंत पुलापाशी थांबलो,
तेव्हा त्यानं समोरच्या काचेला
बसचा विनोद पुन्हा सांगितला, हळू आवाजात,
"तिकीट पडतं"नंतर एक मात्रा जास्त थांबून.
आता तो जागेवर बसला.
मला हसू फुटलं.
मी हातमोजा दातांत धरला.
वाटलं, त्याला वाटेल मी त्यालाच हसते आहे.

परवा बासच्या पेटीत, राळेच्या डबीखाली
ते कार्ड सापडलं.
हशासाठी पेन्सिलीनं राखून ठेवलेल्या जागा:
इथे आठ मात्रा. इथे सोळा.
इथे पाणी पी.
चौथा विनोद माझ्यावर होता.
तो वाचला मी. तुम्हाला सांगत नाही.

बास विकत घ्यायला एक पोरगा आला, सुपीरियरहून.
त्याला मी बसचा विनोद सांगितला,
थांबायच्या त्या जादा मात्रेसकट.
त्यानं पेटीत डोकावून विचारलं,
राळ यातच धरायची, की तिचे वेगळे पैसे?