दोन टिंबं

टोर्सहाव्हनच्या धक्क्यावर, जुन्या गोदामाच्या माडीवर
मार्यून एक ओळ वाचते आहे.
एकच, पण स्क्रीनच्या काठाशी पोचते, वळते,
पुन्हा पोचते, पुन्हा वळते.
सतरा पत्ते. मध्ये मध्ये दोन टिंबं.

या ओळीवर शेलचा सगळा भरवसा.
कुठलंही नाव उच्चारा, तो पहिल्या पत्त्यावर जातो,
दार ढकलतो, नाही म्हटलं की पुढचं.
सापडलं की तिथेच थांबतो.
मागच्या दारात त्याच नावाचं कुणी जास्त शहाणं बसलेलं असेल,
त्यांची गाठ कधीच पडत नाही.

आणि स्वतःच्या पायाखाली तर तो बघतच नाही.
काखेत कळसा, तरी सतरा गावांना वळसा,
सांगितल्याशिवाय.
सांगायचं कसं? काहीच न लिहिता.
दोन टिंबं, लगेच आणखी दोन,
मधल्या रिकाम्या जागेचा अर्थ: इथे.

अशी एक जागा तिला सापडली, दहावी.
घाईत राहिलेली, की हानुसने मुद्दाम ठेवलेली?

हानुस. बावीस वर्षं बोटींच्या वेळा आणि खाडीचे प्रवाह
याच टेबलावरून सांगायचा.
आता समोरच्या नोल्सोयवर मेंढ्या राखतो, फोन उचलत नाही.
यादीत मात्र पाचवा तोच. बारावाही. सतरावाही.
कुठलीशी स्क्रिप्ट त्याला जोडत गेली दर वेळी,
आधीच आलाय का, हे न विचारता.

ती पहिल्या टिंबांवर सुरी ठेवते.
डोकं इकडे, उरलेलं तिकडे.
उरलेल्याचं डोकं. उरलेलं.
आजोबा कॉड साफ करायचे तसं,
बोलता बोलता, हाताकडे न बघता.
एका नावात मोकळी जागा होती, अवतरणात घ्यायची राहिली,
तर त्याचे दोन तुकडे झाले
आणि दोन्ही तुकड्यांना घर नव्हतं.

हा आहे का यादीत, हे विचारणंही सोपं नाही.
नुसतं हानुस म्हटलं की हानुसीनाही हात वर करते.
टिंबांसकट विचारावं, तर पहिल्याच्या आधी टिंबं नाहीत,
शेवटच्याच्या नंतर नाहीत.
म्हणून ती आख्ख्या यादीलाच दोन्ही टोकांना टिंबं लावते.
मग कडेचं असं कुणी उरत नाही.

आमच्या लिपीत या खुणेला विसर्ग म्हणतात.
दुःखाच्या मधोमध असतो,
अंतःकरणात असतो,
हलकासा ह, सोडून दिलेला श्वास.
मार्यूनला हे ठाऊक असायचं कारण नाही.
तिच्या लेखी ते कुंपणाचे खांब.

पावणेचारला तिने हानुसला तिन्ही ठिकाणांहून काढलं,
दहावी जागा बुजवली.
सतराचे तेरा झाले. कॉफी ओतली.

चार वाजता प्रवाहांचा तक्ता निघाला नाही.
स्ट्रेयमुर नावाची कमांड सापडत नाही, म्हणे.
ती तेराही दारं स्वतः ठोठावून आली.
मग त्याच्या घरात गेली, पासवर्ड अजून तोच,
आणि कोपऱ्यात सव्वीस ओळी, चालू, धूळ नाही.
अकराव्या ओळीवर त्याने लिहून ठेवलेलं:
इथे साडेतीन मिनिटं मिळवा.
का ते मला विचारू नका. बोटीवरून बघितलंय.

सगळ्यांच्या वापरातल्या डिरेक्टरीत ती फाइल हलवता आली असती.
हलवायलाच हवी होती, नियमाने.
तिने हानुसला परत यादीत घेतलं,
एकदाच, शेवटी,
आधीच आहे का हे नीट विचारून.

तक्ता निघाला, बारा मिनिटं उशिरा.
(यातली साडेतीन धरायची की नाही, तिला कळेना.)
खिडकीबाहेर पहिल्या बोटीचं इंजिन खोकत होतं.
पलीकडे नोल्सोयवर एक दिवा लागला.
त्याचाच असेल असं नाही.